जावयाच्या मापाचा स्वेटर

७ डिसेंबर, रविवार. यवतमाळ

हसावं की रडावं, तेच कळत नाही.

यांच्यासाठी स्वेटर विणतेय, चोरून. म्हणजे यांच्या समोरच बसून, पण विचारलं तेव्हा "जावयाचा आहे" म्हणून सांगितलं. तीस वर्षं हा माणूस माझ्यापुढे दोन्ही हात ताणून उभा राहतो. कधी माझ्या भावांच्या मापासाठी, कधी मुलाच्या, कधी भाच्यांच्या. "माझ्यासाठी कर" असं एकदाही म्हणाले नाहीत. आणि मलाही कधी सुचलं नाही?

आज पुढचा भाग अंगाला लावून पाहिला, तर यांनी पोट आत ओढून घेतलं. जावई बारीक ना! श्वास रोखलेला, मान ताठ. मग सैल दिसणारच.

"जावयाले ढगळं होते हे. दहा टाके कमी कर."

"राहू द्या हो, धुतल्यावर आटेल," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पोळ्या करायला आत गेले. बाहेर येऊन पाहते तर हे खुर्चीत, मांडीवर लोकरीचा नीट गुंडाळलेला गोळा. अख्खा भाग उसवलेला. आठ दिवसांचं काम!

"तुले उसवाचा कंटाळा येते ना, म्हून मीच उसवून टाकलं," म्हणे. चेहरा इतका खूश, की रागावायची सोयच नाही. आणि पोट आता आरामात बाहेर.

उद्या पुन्हा एकशे दहा टाके घालीन. एकही कमी नाही. विचारलंच तर सांगेन, जावयाचं पोट सुटलंय.