खवणीवर खोवलेलं लोणी

रत्नागिरी, रविवार, १२ जानेवारी १९८६

आज माझ्या हातांनी केलं ते असं: आठ क्रोसाँ, म्हणजे फ्रेंच लोकांचा चंद्रकोरीसारखा पापुद्र्यांचा पाव, आणि उरल्या पिठाची ताटभर खारी. कोणी शिकवलं नाही.

बेकरीवाले लोण्याची चादर पिठात गुंडाळून लाटत बसतात. मी लोणी बर्फाच्या कप्प्यात दगडासारखं घट्ट केलं आणि विळीच्या खवणीवर नारळासारखं खोवलं. तो कीस पिठात मोकळाच ठेवायचा, मळायचा नाही. हाताची ऊब लागली की पापुद्रे गेले! मग फक्त तीन घड्या. इतकी साधी गोष्ट कोणाला कशी सुचली नाही?

सुमन करवादली, "अहो, सोलकढीवर लोणी तरंगतंय! खवणी धुतलीत तरी का?" धुतली होती. एकदाच. पण चौथा क्रोसाँ कोणी संपवला, ते मी काढलं नाही.

संध्याकाळी नाक्यावरचे बेकरीवाले बाबूशेठ आले. "लाटल्याशिवाय पापुद्रे? थट्टा करता काय?" मग एक तोडला, तर सदराभर पापुद्रेच पापुद्रे. मग म्हणाले, "आमच्या कारागिरांना शिकवा. रोख दोन हजार देतो, तुमच्याच नावाने विकू. फक्त लोणी परवडायचं नाही, वनस्पती तूप घालू."

वनस्पती तूप! टाळूला मेणासारखं चिकटणारं. आणि सगळ्या रत्नागिरीने ते माझं म्हणून खायचं?

सुमन दाराआडून खुणावत होती, घ्या म्हणून. नवी खवणीसुद्धा आली असती, खरंय. तरी नको म्हणालो. रोख दोन हजार रुपयांना.