विहीर गल्लीतला ओटा आणि नूतनच्या नावाची मूठ

मी, तोताराम उखर्डू पाटील, वय ७९, दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त, राहणार विहीर गल्ली, चोपडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गल्लीचं मत वेगळं असेल, पण ते मी विचारलेलं नाही.

विहीर गल्लीत विहीर नाही. माझ्या लहानपणी होती. आधी पाणी आटलं, मग ती बुजवून वर व्यायामशाळा बांधली, मग व्यायाम करणारे कामधंद्याला सुरतेला गेले. रस्ता मात्र दर निवडणुकीला जुन्यावरच नवा ओततात, त्यामुळे आमची घरं जागच्या जागी खाली चालली आहेत. ज्या ओट्यावर चढायला आईला हात द्यावा लागे, तिथे आता शेजारच्या भिकाची बकरी रस्त्यावरून सरळ येऊन बसते.

१. माझ्या पगारातून घेतलेलं हे घर, ओट्यासह, मुलगी नूतन हिला देतो. जावई वारल्यापासून ती इथेच आहे. माझी औषधं आणि माझा स्वभाव, दोन्ही तिनेच सांभाळले. मुलगा स्वप्नील पुण्यात सुखी आहे, त्याला बँकेतली ठेव मिळावी. घर पाडून दुकानांचे गाळे काढण्याचा त्याचा नकाशा देखणा होता. तो त्याने स्वतःकडेच ठेवावा.

२. माझी हत्यारं भिकाला द्यावीत. शिडी त्याने आधीच नेली आहे आणि ती आपलीच असं तो आता मनापासून मानतो.

३. पुतण्या चुडामण समोर राहतो. ओटा रस्त्याला टेकल्यापासून त्यावर बोलेरो लावायचं त्याच्या मनात आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं वकीलबाई सांगतात, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीला बोलावलं आहे.

४. आता मुख्य गोष्ट. श्रावणात आमच्या भाऊबंदांची कानबाई देवी याच घरात बसते. प्रसादाच्या रोटासाठी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात आणि रोट भाऊबंदच खातात. लग्न झालेली मुलगी त्यात धरत नाहीत. म्हणजे देवीची मांडणी नूतनने करायची, रोट तिने भाजायचे, आणि खायच्या वेळी बाजूला बसायचं. ती हसत बसते. मला ते बघवत नाही. मी गेल्यावर माझ्या नावाची मूठ नूतनच्या नावाने घ्यावी. हे भाऊबंदांना पटत नसेल तर त्यांनी कानबाई दुसरीकडे बसवावी, नूतनने अडवू नये. मग गल्लीतून विहिरीपाठोपाठ देवीही कशी गेली, ते नातवंडांना त्यांनीच समजावून सांगावं.

चोपडा, दि. १४ जुलै २०२५
(सही) तोताराम उखर्डू पाटील

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:

१. (सही) ॲड. मेघा सोनवणे

२. (सही) चुडामण झुलाल पाटील. वकीलबाईंच्या परवानगीने खाली दोन ओळी लिहितो:
काका, तुमनी मूठ तुमनाच नावनी राहू द्या. नूतन मनी बहीण शे. तिना नावनी नवी मूठ मी टाकसू, औंदाच.