बत्तीसचा बसेल

शनिवार, ३ ऑक्टोबर

लेकीची नोकरी पक्की झाली. दुसऱ्या शहरात. सव्वीस तारखेला निघायचंय. घरात सगळे खूश. मीही खूश.

जेवताना ती म्हणाली, बाबा, जायच्या आधी आपण दोघं एकदा सायकलने तळ्यापर्यंत जाऊ या, मी शाळेत असल्यापासून तू नुसतं जाऊ जाऊ म्हणतोयस. मी लगेच म्हटलं, ठरलं, पुढच्याच रविवारी. ही म्हणाली, आधी सायकलवरचे टॉवेल काढा, मग तारखा द्या. गॅलरीतली माझी सायकल अलीकडे टॉवेल वाळत घालायला वापरतात हे खरं आहे. पण तो वापरणाऱ्यांचा दोष.

रविवार, ४ ऑक्टोबर. सकाळी.

टॉवेल काढले. सायकल पुसली. काय रुबाब आहे! लग्नाआधी घेतलेली, रेसिंगची, बारीक अंगाची. (त्या वेळी मीही.) साखळी ठीक, ब्रेक ठीक. टायर मात्र गेले. अंगठ्याने दाबलं तर रबराचा भुगा हातात आला. ही मागून म्हणाली, तो भुगा तुम्हीच झाडा.

म्हणजे नवीन टायर आले. टायर म्हणजे सायकलचे पाय. तिथे घाई करणार नाही. स्वस्त हवेत, टिकाऊ हवेत, आमच्या रस्त्यावरचे खड्डे पचवणारे हवेत. आणि रुंद हवेत. आत्ताचे करंगळीएवढे आहेत, माझ्यासारख्या भरदार माणसाला ते शोभत नाहीत.

अडचण एकच. चाक ज्या चिमट्यात बसतं त्या चिमट्यात जागा कमी. मोजली. टायरच्या दोन्ही बाजूंना अख्खं बोट जातं. टायरात हवा नाही, पण मापाला हवा कशाला हवी? बोटभर जागा म्हणजे पुष्कळ झाली. इतकी वर्षं ही जागा फुकट गेली याचं वाईट वाटलं.

सोमवार, ५ ऑक्टोबर. ऑफिस.

मी बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. झाकण केसभर जरी मोठं निघालं तरी मी अख्खा लॉट परत पाठवतो. मापाच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय.

बोटाचं माप नेमकं किती ते कळावं म्हणून व्हर्नियरमध्ये बोट धरलं. तेवढ्यात साहेब आले. काय चाललंय विचारलं. म्हटलं, कॅलिब्रेशन. साहेब बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिले आणि निघून गेले. प्रभावित झाले असावेत.

हिशेब सरळ आहे. सध्याचा टायर तेवीसचा, म्हणजे तेवीस मिलिमीटर रुंद. बाजारात पंचवीस, अठ्ठावीस आणि बत्तीस मिळतात. मोठा आकडा, मोठा आराम. बत्तीस!

बुधवार, ७ ऑक्टोबर

सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार मोबाइलवर मॅच बघत होता. विचारलं, माझ्या चिमट्यात बत्तीसचा बसेल का? तो मान वर न करता म्हणाला, बसेल. मी म्हटलं, जागा बोटभरच आहे. तो म्हणाला, बसेल. मागच्या चाकालाही? बसेल. मी म्हटलं, छत्तीसचा? तर तोही बसेल म्हणाला. असा आत्मविश्वासू माणूस मी फार दिवसांनी पाहिला. शेजारी हवा भरायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, यांच्याकडून मी सीट नेली होती, तीही बसेल म्हणाले होते, आता मी उभ्याने सायकल चालवते. लोकांना तक्रारी करायची सवयच असते.

लगेच घेतले नाहीत. एका दुकानात हो म्हटलं की दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळतात.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

लेकीने स्वतःहून विषय काढला. म्हणाली, बाबा, पंचवीसचे मजबूत टायर मिळतात, ते घे आणि मोकळा हो, तुझ्या सायकलला त्याहून जास्त झेपणार नाही. मी तिला जवळ बसवून रबर, खड्डे आणि वजन यांचा परस्परसंबंध समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. समजूतदार आहे.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, कमाल आहे, पोट अडतीसचं आणि पँट चौतिसची आणता, आणि चिमटा पंचविसाचा तर टायर बत्तीसचा आणणार. दोन्हीकडे दुकानदार तेवढा खूश. पँटचा आणि टायरचा संबंध नाही.

लेक संध्याकाळी कुठेतरी बाहेर जाऊन आली. हातात मोठी पिशवी होती. जायची खरेदी चालू असणार.

शनिवार, १० ऑक्टोबर

टायर अजून ठरले नाहीत. एक स्वस्त आहे पण टिकाऊ नाही, एक टिकाऊ आहे पण स्वस्त नाही. एक दोन्ही आहे पण लाल आहे. काल साडेतीन तास लोकांची मतं वाचली. एक म्हणतो दहा वर्षं टिकला, दुसरा म्हणतो दुकानातून घरी येईपर्यंत टिकला. दोघंही एकाच टायरबद्दल.

लेकीला सांगितलं की उद्याचं जरा पुढे ढकलू, अठरा तारखेला नक्की. ती म्हणाली, चालेल. ही भांडी घासत राहिली. फार आवाज करत.

रविवार, ११ ऑक्टोबर

लेक मैत्रिणीबरोबर तळ्यावर जाऊन आली. फोटो दाखवले. पाणी छान आहे. मैत्रिणीच्या सायकलचे टायर मात्र अगदीच सुमार. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, पण पोचले ना बाबा. तरुण मुलं अशीच, वरवर विचार करतात.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

ठरलं! बत्तीसचे मागवले. स्वस्त, जाडजूड, पंक्चर न होणारे, काळे. आता माघार नाही. मनावरचं मोठं ओझं उतरलं. या आनंदात पहाटे व्यायाम सुरू करणार होतो, पण टायर आल्यावरच करावा, म्हणजे सगळं एकदम होईल.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

टायर आले. काय माल आहे! हातात घेतला तर अजगर धरल्यासारखं वाटलं. लगेच बसवायला घेतला. रिमवर चढेना. घरातले दोन चमचे वाकले. मग उलथणं घेतलं. तेही वाकलं, पण टायर चढला. चाक चिमट्यात सरकवलं आणि बसला! दुकानदाराचा शब्द खरा ठरला. हिला हाक मारून दाखवलं. हिने आधी टायरकडे पाहिलं, मग उलथण्याकडे, आणि कपाळाला हात लावला.

हवा उद्या भरेन. आज हात भरून आलेत.

शनिवार, १७ ऑक्टोबर

हवा भरली. टायर फुगला. फुगतच गेला. दोन्ही बाजूंनी चिमट्याला जाऊन भिडला आणि चाक फिरायचं थांबलं. सायकल पुढे ढकलली तर चाक न फिरता नुसतं फरफटत गेलं.

बराच वेळ विचार केल्यावर लक्षात आलं की चार तारखेला माप घेतलं तेव्हा जुन्या टायरात हवा नव्हती. ही गोष्ट कुणाच्याही लक्षात आली नसती. लेक म्हणाली, माझ्या लक्षात आली होती, मी त्या गुरुवारी तेच सांगत होते. असेल. पण ठामपणे सांगायला हवं होतं.

उपाय बरेच आहेत. एक, चिमटा आतून कानशीने घासणं. ही म्हणाली, कानस हातात घेतलीत तर मी माहेरी जाईन. दोन, पुढचा ब्रेक काढणं. ही म्हणाली, त्यापेक्षा मला माहेरी पाठवा, विधवा कशाला करता. चर्चा तिथेच थांबली.

रविवार, १८ ऑक्टोबर

आजही जाता आलं नाही. लेकीला म्हटलं, पंचवीसला नक्की, काही झालं तरी. ती हसली. म्हणाली, हो रे, सव्वीसला तर मी चाललेच आहे.

ती बॅग भरत होती. तिची अर्धी खोली रिकामी झाली आहे. मी तिथे फार वेळ थांबलो नाही. टायरचं बघायचं होतं.

बुधवार, २१ ऑक्टोबर

सापडलं! हवाच कमी भरायची. अर्धी हवा भरली की टायर आवरून बसतो आणि चाक फिरतं. घासतं थोडं, पण फिरतं. इतका सोपा उपाय इंटरनेटवर एकानेही लिहिलेला नाही. ऑफिसात सांगितलं तर साहेब म्हणाले, झाकणाला भोक पाडून बाटली बंद केल्यासारखं आहे हे. साहेबांना सायकलमधलं काही कळत नाही.

शनिवार, २४ ऑक्टोबर. संध्याकाळी.

इमारतीभोवती एक फेरी मारली. यशस्वी. चाकातून खर्र खर्र आवाज येतो, त्यामुळे घंटीची गरज नाही. वॉचमन घाईने बाजूला झाला. उद्या सकाळी साडेसहाला निघायचं. लेकीने डबा घेऊ का विचारलं. मी म्हटलं, घे, तळ्यावर बसून खाऊ. फार छान वाटतंय. खरंच फार छान वाटतंय.

रविवार, २५ ऑक्टोबर

साडेसहाला निघालो. ती पुढे, मी मागे. हवा गार, रस्ता मोकळा. दूधवाल्याच्या दुकानापर्यंत मी उत्तम चालवली. तिने दोनदा वळून पाहिलं, मी दोनदा हात केला. दुसऱ्यांदा हात केला तेव्हा पुढे खड्डा होता. फट् असा आवाज झाला आणि टायर रिमसकट जमिनीला टेकला.

दूधवाला बाहेर येऊन म्हणाला, बसला वाटतं. हो, बसला. दुकानदाराने सांगितलंच होतं.

मी म्हटलं, तू हो पुढे, मी चालत घरी जातो. ती सायकलवरून उतरली. म्हणाली, चल, चालू या. दोघंही सायकली हाताने ढकलत पुलापर्यंत गेलो. तळं पुलाच्या बरंच पुढे आहे. कठड्याला सायकली टेकवल्या आणि तिथेच डबा उघडला. खाता खाता ती म्हणाली, बाबा, मला भीती वाटतेय, तिथे कुणीच ओळखीचं नाही, नाही जमलं तर? मी म्हटलं, नवीन टायर सुरुवातीला घासतो, मग बसतो. तिने माझ्या सायकलकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. मग मीही. येणारे-जाणारे बघत होते.

परत येताना तिने माझी सायकल ढकलली आणि मला तिची दिली. मी तिला सॉरी म्हटलं. खड्ड्यासाठी.

एकंदर मोहीम ठीक झाली. अंतर थोडं कमी पडलं, एवढंच.

सोमवार, २६ ऑक्टोबर

गेली. बस वेळेवर सुटली. एरवी ही बस कधी वेळेवर सुटत नाही असं म्हणतात. खिडकीतून म्हणाली, बाबा, टायरचं काय करणार? मी म्हटलं, अठ्ठावीस बघतो. बस वळेपर्यंत ती हात हलवत होती.

घरी आल्यावर हिने स्टूल घेतलं आणि कपाटावरून एक मोठी पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. आत दोन टायर. पंचवीसचे. काळे, मजबूत, स्वस्त. लेकीने आठ तारखेलाच आणले होते.

मी चिडलो. म्हटलं, मग दिले का नाहीत, दोन रविवार फुकट गेले, तळं राहिलं. ही म्हणाली, मीही तिला तेच म्हटलं होतं. पण ती म्हणाली, राहू दे आई, टायर ठरेपर्यंत मी जाणार नाही असं वाटतंय बाबाला. ठरवू दे त्याला.

काहीतरीच. प्रश्न निव्वळ मापाचा होता.

संध्याकाळी बसवून टाकले. चमचा लागला नाही, उलथणं लागलं नाही. ही शेजारी उभी राहून पंप मारत होती. पूर्ण हवा भरली. चाक फिरवलं तर कितीतरी वेळ फिरत राहिलं, जराही आवाज नाही. थांबल्यावर दोन्ही बाजूंनी बोटाचं नख घालून पाहिलं. अगदी सहज जातं. सायकल गॅलरीत नको म्हणून लेकीच्या खोलीत ठेवली. तिथे आता जागा आहे.