तांबडीचा तिसरा चालक

२ मार्च २०२५, रविवार. बेळगाव.
निपाणीहून आत्ताच परतलो. ऐतिहासिक दिवस. जेवताना आप्पा म्हणाले, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं धड दिसत नाही, यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गाडी आपण चालवणार नाही. मग कोण, ते बोलले नाहीत. पण नजर माझ्यावर होती. आक्काचं म्हणणं, तुझ्यामागं भिंतीवर घड्याळ आहे. आक्का, म्हणजे थोरली बहीण नीलम, तिथंच आप्पांजवळ असते, पोस्टात आहे. तिला घड्याळच दिसणार.

गाडी म्हणजे तांबडी. १९५१ची लाल एमजी, कापडी टपाची. आजोबा देवाप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते, पुढं मालकाचे ड्रायव्हर झाले. मालकाला पोरं सहा आणि गाडीत सीटा दोन, म्हणून मालकानं ती विकायला काढली आणि आजोबांनी घेतली. तेव्हा आमच्या गल्लीत कुणाकडं सायकलसुद्धा नव्हती. १९६४ पासून जयंतीच्या मिरवणुकीत तांबडी सगळ्यात पुढं, शेजारच्या सीटवर बाबासाहेबांची तसबीर. आजवर एकदाही वाटेत बंद पडलेली नाही. आधी आजोबा, मग आप्पा, आता मी, भीमरत्न. त्यात मी एकवीस वर्षं पॉलिटेक्निकला इंजिन हा विषय शिकवतोय. याहून स्पष्ट इशारा काय असतो?

संकल्प: दर रविवारी निपाणी. सराव.

४ मार्च.
स्टाफरूममध्ये सहज विषय काढला. चार वेळा. प्रिन्सिपल म्हणाले, आम्ही सगळे बघायला येऊ. चामडी ग्लोव्हज ऑर्डर केले.
माधवीनं विचारलं, आपली गाडी पार्किंगमधून रोज मी रिव्हर्स काढून देते, ती आधी शिकणार का. बायकोला प्रत्येक गोष्ट घरगुती पातळीवर आणायची सवय आहे.

९ मार्च, रविवार. निपाणी.
पहिला सराव. तांबडीत बसलो. बसणं झालं. उतरणं राहिलं. स्टिअरिंग आणि पोट यांच्यात जागा ठेवायची पद्धत १९५१ साली नसावी. आक्कानं काखेत हात घालून ओढून काढलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की गाडी सुरू करायची राहिली. ती आक्कानं केली. मी बाहेरून आवाज ऐकला आणि इंजिनाची प्रकृती उत्तम असल्याचं जाहीर केलं.
संकल्प: पाच आठवड्यांत आठ किलो. एकच भाकरी.

१२ मार्च.
एक भाकरी. पण ऑफिसातल्या आण्णाप्पाला नात झाली, त्यानं कुंदा आणला. मुलीच्या जन्माचा कुंदा नाकारणं माझ्या विचारांत बसत नाही. दोनदा घेतला.

१६ मार्च, रविवार.
आज स्टार्टर मी ओढला. इंजिन घुरघुरलं, गप्प झालं. परत ओढला. परत गप्प. मी आप्पांना इंधन आणि हवा यांचं प्रमाण समजावून सांगितलं. साधारण वीस मिनिटं. आप्पा शांतपणे ऐकत होते, नंतर कळलं की कानातलं मशीन घरात राहिलं होतं. आक्का आली, बॉनेट उघडलं, पेट्रोल पंपाला पान्याच्या दांड्यानं दोन टिचक्या मारल्या. टिकटिक सुरू झाली आणि गाडीही. टिकटिक ऐकल्याशिवाय स्टार्टर ओढायचा नसतो म्हणे.
मी नेमकं हेच करणार होतो, फक्त क्रमानं.

२३ मार्च, रविवार.
चालवली! स्वतः! चारशे मीटर! वारा तोंडावर, पोरं मागं पळतायत, म्हातारी माणसं कट्ट्यावरनं उठून बघतायत. आजोबांना असंच वाटलं असणार. अंगावर काटा आला.
एक किरकोळ बाब. गल्लीच्या टोकाला थांबून पहिला गिअर टाकला तो रिव्हर्स निघाला. मागं रुक्माबाईंनी वर्षाची संकेश्वरी मिरची वाळत घातली होती. तांबडीला ओरखडा नाही. मिरचीचं मात्र वाटण झालं. वारा गल्लीच्या दिशेनं होता, हा माझा दोष नाही. अख्खी गल्ली शिंकत होती. कोपऱ्यावरच्या लग्नघरात हळद चालू होती, नवरा मुलगा इतका शिंकला की हळद लावणाऱ्या बायका पिवळ्या झाल्या. आक्का आणि मी संध्याकाळपर्यंत रुक्माबाईंच्या दारात बसून मिरची वेचत होतो. रुक्माबाई एवढंच म्हणाल्या की देवाप्पाण्णांचा नातू म्हणून गप बसले. आजोबांच्या नावाला अजून वजन आहे.

३० मार्च. पाडवा.
निपाणीला गेलो नाही. पेपर तपासायचेत. शिवाय खरा सराव डोक्यात होतो, असं एका व्हिडिओत ऐकलं. हॉलमध्ये पाटावर बसून परातीचं स्टिअरिंग केलं, ग्लोव्हज घातले आणि अख्खी मिरवणूक मनात चालवली. कुठंही बंद पडलो नाही. माधवी शेजारणीला घेऊन श्रीखंड द्यायला आत आली. मी परात बघत होतो असं सांगितलं.
वजन: दीड किलो वाढ. काटा जुना आहे.

६ एप्रिल, रविवार.
आजचं सविस्तर लिहितो, कारण पुढं कुणी वेगळंच सांगेल.
आप्पा म्हणाले, मिरवणुकीत चढ असतो, चल तवंदी घाटात. आप्पा शेजारी, मी चालक. हायवेपर्यंत सुरेख. घाटात अर्ध्यावर पुढचा उसाचा ट्रॅक्टर थांबला, मी थांबलो आणि इंजिनही थांबलं. मग आम्ही मागं जाऊ लागलो. मी हँडब्रेक ओढला. तरी मागं. या गाडीचा हँडब्रेक उलटा आहे, ओढून बटण दाबलं तरच अडकतो. शिकवण्याच्या दृष्टीनं अत्यंत चुकीची रचना. मी सगळ्या शक्तीनं हॉर्न दाबला. आप्पांनी माझ्या मांडीवरून हात घातला, बटण दाबलं, गाडी थांबली. मग त्यांनी खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरली. घाबरलेला माणूस सुपारी कातरत नाही. म्हणजे माझ्यावर विश्वास आहे.
मागं ट्रकांची रांग. दहा मिनिटांत आक्का स्कूटरवरून आली. तिला फोन आप्पांनी केला होता, तोही हॉर्न वाजत असताना. ती बसली, तांबडी घाट चढून वर गेली, वळली आणि खाली आली. मी स्कूटरवर मागोमाग.
खाली चहाच्या टपरीवाला महादेव आक्काला म्हणाला, आज उशीर झाला जणू. मी विचारलं, कसला उशीर. तो म्हणाला, आक्का दर रविवारी सकाळी गाडीला घाट दाखवून आणतात की, पंचवीस वर्षं झाली. बॅटरी, तेल, टप, वायरी, सगळं त्याच बघतात.
मला वाटायचं, जुन्या गाड्या मुळातच टिकाऊ.
असो. देखभाल वेगळी, नेतृत्व वेगळं.

१३ एप्रिल, रविवार. निपाणी.
मुक्कामाला आलोय. आज निर्णय. मी दोन पानांचं छोटं भाषण तयार ठेवलं होतं, स्वीकाराचं. सगळे सोप्यात बसले. आप्पांनी चावी काढली, कुरवाळली.
"नीलम, गाडी तू चालीव," आप्पा म्हणाले. "भीमा, तू म्होरं चाल."
मी भाषणाची घडी घातली. म्होरं. म्हणजे गाडीच्याही पुढं. सगळ्यात पुढं. विचार केला तर ही बढतीच.
आक्का उठली. चावी घेऊन बाहेर गेली. थोड्या वेळानं गेलो तर ती तांबडीचं बॉनेट पुसत होती. बॉनेट आधीच लखलखत होतं. तिचे डोळे भरलेले. एवढी वर्षं वाट बघत होती हे मला कसं कळलं नाही, हे लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. नंतर लिहीन.

१४ एप्रिल.
मिरवणूक चारला निघाली. निळे झेंडे, हलगी, ढोल. डिपार्टमेंटची माणसं बेळगावहून आली होती. ती मला गाडीत शोधत होती. मी गाडीच्या पुढं शिट्टी वाजवत गर्दी बाजूला करत होतो. प्रिन्सिपलनी विचारलं, सर, चालवणार होता ना? मी म्हणालो, मी एकूण संचलन बघतोय.
पण काय सांगू! तांबडी मागून येत होती ती मुंगीच्या चालीनं. तीन तास. पुढं पोरं नाचतायत, थांबा, निघा, चढावर थांबा, परत निघा, आणि एकदा धक्का नाही, एकदा आवाज चढला नाही, तसबिरीवरचा हार हलला नाही. बायका आक्काकडं बघून टाळ्या वाजवत होत्या. एका म्हातारीनं तिच्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळून बोटं मोडली. वेगात कुणीही चालवेल. इतकं हळू चालवणं मी एकवीस वर्षं फळ्यावर शिकवतोय आणि आज पहिल्यांदा पाहिलं.
मला जमलं नसतं.
लिहिलं. असू दे.
सातच्या सुमाराला पाय गेले. चौकात कठड्यावर टेकलो. तांबडी शेजारी थांबली. सीट दोनच, एकीवर आक्का, दुसरीवर बाबासाहेब.
"मागं स्टेपनीला धरून बस," आक्का म्हणाली. "हलू नको."
शेवटचा फर्लांगभर मी मागं टांगून, तोंड मागच्या दिशेला. अख्खं डिपार्टमेंट मागून चालत होतं. त्यांनी हात केले. मीही केला.

१५ एप्रिल. बेळगाव.
रजा. पाय गरम पाण्यात. आक्काचा फोन आला. गाडी पुसून झाकून ठेवली, आप्पा खूश आहेत म्हणाली. मग म्हणाली, रविवारी येतोस काय, पहिल्यापासनं शिकवते, आधी टायरीत हवा भरायला.
मी म्हणालो, टाइमटेबल बघून सांगतो.
टाइमटेबल बघितलं. निपाणीची पहिली एसटी पावणेसहाला आहे.