पोर्कियसांची डुकरं

मार्च, पहिला दिवस
आज गायसनं बोलावलं. म्हणे, आमच्या पोर्कियस या नावाचा उगम लिहून दे. ट्रॉयहून आलेला एखादा वीर पूर्वज शोध, बड्या घराण्यांचे असतात तसा. निवडणुकीला उभा राहतोय ना! पोर्कियस म्हणजे डुकरंवाले, हे रोममधलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि माझं नाव? हिलारुस — म्हणजे हसरा. गुलामांच्या बाजारात दलालानं चिकटवलेलं. बापानं काय ठेवलं होतं, आठवत नाही. दुसऱ्यांचे बापजादे मात्र मी घडवायचे.

"नीट लिहिलंस तर आत्याला सांगून तुला मुक्त करवतो," म्हणाला. मी त्याच्या आत्याबाईंचा गुलाम, त्याचा नाही. तरी मान डोलावली.

मार्च, पाचवा
लिहिलं. जळत्या ट्रॉयमधून देव खांद्यावर घेऊन निघालेला वीर. ऐकताना गायसच्या डोळ्यांत पाणी. गाढव कुठला.

मार्च, नववा
आत्याबाईंच्या कानावर गेलंच. ऐंशीच्या, अंथरुणाला खिळलेल्या, पण जीभ शाबूत.

"माझ्या आजोबांनी डोंगरात डुकरं राखली. थंडीत त्यांच्यातच झोपायचे. त्यांच्या जिवावर हे घर उभं राहिलं, आणि तू त्यांनाच हाकलून लावलंस?"

मला समोर बसवून सगळं खरं लिहून घेतलं. ओकाचं रान, लांडग्यानं नेलेली डुकरीण, सगळं. "माझ्या अंत्ययात्रेत, चौकात, हे वाचलं गेलं पाहिजे. गायसला पाठांतर जमत नाही. हातात द्याल ते वाचतो. तू हे द्यायचंस. शब्द दे."

दिला. पण तळपायाची आग मस्तकात गेली. भांडण आत्या-भाच्याचं, अडकली मान माझी! वीस वर्षं राबतोय, बाईनं मुक्तीचा म तोंडातून काढला नाही.

मार्च, अठरावा
सकाळी आत्याबाई गेल्या.

मार्च, विसावा
आज अंत्ययात्रा. दोन्ही कागद अंगरख्यात होते. चौथऱ्यावर चढताना गायस कानाशी म्हणाला, "आता तुझा मालक मी. मुक्ती माझ्या हातात आहे, विसरू नकोस."

मी ट्रॉयचा कागद दिला. त्यानं गळा काढून वाचला. लोक म्हणाले, काय थोर घराणं! दुसरा कागद मी चितेत टाकला. माझी मलाच घाण वाटते.

मार्च, तेविसावा
मृत्युपत्र फोडलं. गेल्या वर्षीच लिहिलेलं. 'मी डोळे मिटताच माझा हिलारुस मुक्त.' रिवाजाप्रमाणे आता त्यांचंच नाव मला. पोर्कियस हिलारुस.

डोळे मिटताच. म्हणजे चौकात कागद देताना मी कुणाचाच गुलाम नव्हतो.