नळीवरचं नाव

सूनबाई,

दूध तापवून झाकून ठेवलंय. शेळीला पाणी पाजलंय. मी आरोग्य केंद्रात नर्सबाईंकडे चालले आहे. तुझ्या तोंडावर बोलवेना, म्हणून लिहिते.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी त्यांनी मला ब्रश आणि नळी दिली होती. दार लावून आपला नमुना आपणच घ्यायचा, एवढंच काम. पण मला मेलीला लाज वाटली. तुझं वय त्या तपासणीत बसत नव्हतं, तरी "तूच तुझा घे, कोण बघतंय!" म्हणत ते तुझ्या गळ्यात मारलं. काल माझ्या नावावर दोष निघाल्याचा निरोप आला. खरं सांगते, आधी हायसं वाटलं, आपलं नाही म्हणून. मग तू रोजच्यासारखं मला आधी ताट वाढलंस आणि माझी मलाच लाज वाटली.

हा कॅन्सर नव्हे, असं नर्सबाई म्हणाल्या, पण पुढची तपासणी लवकर हवी. ती तुझी व्हायला हवी, हे सांगून तुझी तारीख घेऊनच येते. तुझ्या नवऱ्याला मी सांगेन. बोलणी मी खाईन, तू मध्ये पडू नकोस.

माझ्यासाठी दुसरी नळी मागणार आहे. या खेपेला नळीवर नाव माझं, आणि आतही मीच.