पेटीतला फोन

ताई,
धाकट्याचा नमस्कार.

आईला सांग, मी वेळेवर जेवतो. तिचा गुडघा कसा आहे?

त्या दिवशी फोन का उचलला नाहीस, असं तू विचारलंस. फोन चालू असला की रेडिओ दुर्बिणीला आकाशातलं नीट ऐकू येत नाही, म्हणून आम्ही तो फाटकावरच्या पेटीत ठेवतो. त्या दुपारी तीन खंडांतल्या दुर्बिणी नेटवर्कने पहिल्यांदाच थेट जोडल्या. पूर्वी नोंदींच्या डिस्क पार्सलने यायला महिना लागायचा, आता सगळं क्षणात पोचलं. आम्ही टाळ्या पिटल्या.

बाहेर आलो तर बाबांचे सात कॉल. तुला फोन लावला, तोवर ते जाऊन तास झाला होता.

तेव्हापासून फोन पेटीतच आहे. हातात घेववत नाही, म्हणून हे पत्र.

त्यांना काय सांगायचं होतं गं? ठाऊक नसेल, तर काहीतरी रचून लिही. मी खरं धरीन.

तुझा,
धाकटा